चिपी ते मोपा : अंतर किती आणि वेळ किती धरावा?

परुळेवासी :
गणपतीसाठी येणारे माझे वृद्ध आई-वडील चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावर उतरतील, परंतु परतीचे सोयीचे तिकीट गोव्यातील मोपा विमानतळाहून मिळाले आहे. आमचे घर चिपीजवळच असल्याने परतीच्या दिवशी या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंतचाच प्रवास गृहीत धरावा. विमान दुपारी दीडचे आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणे जवळ दिसतात; प्रत्यक्षात किती वेळ लागतो, आणि वेंगुर्ले-शिरोडामार्गे गेलेले बरे की कुडाळमार्गे?

वाडीकर :
सरळ रेषेत हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते, पण कुडाळमार्गे रस्त्याने ते ७० किलोमीटरच्या आसपास जाते, कारण चिपी समुद्राकाठच्या पठारावर आहे आणि महामार्ग गाठण्यासाठी आधी पाट-पिंगुळीच्या रस्त्याने आत, पूर्वेकडे यावे लागते. हा पहिला टप्पा अरुंद व वळणावळणाचा असल्याने अंतराच्या मानाने जास्त वेळ खातो. पुढे झाराप ते पत्रादेवी हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा चौपदरी भाग आहे, तेथे गाडी विनासायास धावते. गोव्यात शिरल्यावर धारगळहून मोपाचा जोडरस्ता लागतो. एरवी दीड तास पुरतो. पावसात आणि सणात दोन तास धरावेत.

सणाच्या गर्दीची मात्र फार धास्ती घेऊ नये. परतणाऱ्या चाकरमान्यांचा लोंढा मुंबईकडे, म्हणजे उत्तरेला जातो आणि आपण दक्षिणेकडे जाणार आहात. अडकायला झालेच तर कुडाळच्या बाजारपेठेच्या आसपास होईल.

तळकोकणी :
वाडीकरांशी सहमत आहे. वेंगुर्ले, शिरोडा, आरोंदा आणि तेरेखोल नदीवरील पुलावरून किरणपाणी हा मार्ग पाहायला सुरेख आहे, परंतु वाटेतली गावे, वळणे आणि समोरून येणारी एसटी यांमुळे वेळेचा भरवसा देता येत नाही. विमान गाठायचे असताना, त्यातही वयस्कर माणसे बरोबर असताना, मी तो सुचवणार नाही. सवड असेल तेव्हा त्या वाटेने जरूर जावे.

दुसरे असे की तिकिटावर नुसते ‘गोवा’ पाहून निघू नये. मोपाचे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाले, तरी दाबोळीचे जुने विमानतळही चालूच आहे. मोपाचे सांकेतिक अक्षर जीओएक्स, तर दाबोळीचे जीओआय. चुकून दाबोळीचे तिकीट असेल, तर मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या ओलांडून आणखी तासाभराहून अधिक प्रवास करावा लागेल आणि वरचा सगळा हिशेब कोलमडेल.

देशांतर्गत विमानांचे चेक-इन बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून साडेअकरापर्यंत मोपाला पोहोचावे. भाड्याची गाडी असेल तर चालकाकडे गोव्यात प्रवेशाचा परवाना आहे का, हे आदल्या दिवशीच विचारावे. परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासणीसाठी थांबवली जाऊ शकते, पण तो प्रश्न आपल्या चालकाचा!

परुळेवासी :
दोघांचेही आभार. तिकिटावर जीओएक्सच आहे, हे आताच पाहिले. कुडाळमार्गे सकाळी ९ वाजता निघण्याचे ठरवले असून परवान्याविषयी चालकाशी आज बोलून घेतो.