मदत हवी आहे : राणीची बाग, दोन मुले, सासूबाई आणि फक्त पाच तास

कृष्णाकाठ
भायखळ्याच्या राणीच्या बागेत सहकुटुंब जायचे आहे. पेंग्विन, वाघ आणि झाडे हे सारे पाच तासांत नीट पाहून होईल का, आणि कोणत्या क्रमाने पाहावे, एवढाच माझा प्रश्न आहे. सोबत दोन मुले आणि सासूबाई असतील. माहितीची पाने चाळून झाली आहेत, त्यामुळे कृपया 'गूगल करा' हे उत्तर नको. परवापर्यंत ठरवायचे आहे.

भायखळ्याचा शेजारी
ताई, पाच तास पुरतात, परंतु ते कोणाला, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलांची वये काय, सासूबाईंना किती चालवते, तुम्ही कोठून येणार आणि कोणत्या वारी, हे कळल्याखेरीज क्रम सांगणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाचे माप घेऊन सदरा शिवण्यासारखे आहे. तूर्त एवढे सांगतो की दरवाजे साडेनऊला उघडतात आणि पेंग्विन कक्षाची रांग अकरानंतर वाढू लागते, म्हणून आधी पेंग्विन उरकून घ्यावेत.

घाटमाथा
मुंबईचा अट्टहास कशासाठी? पुण्यात कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. जवळपास १३० एकरांचा परिसर, आत तळे, सर्पोद्यान, आणि ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी गाडीसुद्धा. पेशवे पार्कातले प्राणी २००५ साली तेथे हलवले, तेव्हापासून आम्ही दरवर्षी जातो. राणीच्या बागेच्या दुपटीहून मोठी जागा आहे.

कृष्णाकाठ
घाटमाथा, कात्रज दोनदा पाहून झाले आहे आणि माझा प्रश्न त्याविषयी नव्हता.
शेजारी, मुले नऊ आणि चार वर्षांची आहेत. आम्ही कऱ्हाडचे. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून सकाळी मुंबईत उतरायचे, सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवायचे, दुपारी तीनपर्यंत बाग पाहायची, मग दादरला एका आत्यांना भेटून रात्रीच्या महालक्ष्मीनेच परतायचे, असे ठरले आहे. बाग बुधवारी बंद असते हे मला ठाऊक आहे, म्हणूनच गुरुवार निवडला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण चाकांच्या खुर्चीत त्या बसणार नाहीत.

पाखरू
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारतो, की बर्फात राहणारे पक्षी मुंबईच्या उकाड्यात डांबून ठेवलेले मुलांना दाखवावेतच कशाला?

बकुळीचा सडा
प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत यावर जरूर वाद घालू, पण तो चुकीच्या माहितीवर नको. हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, बर्फावर नव्हे. त्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो, म्हणून त्यांना गारवा लागतो, आणि येथील कक्षात तो साधारण १६ ते १८ अंशांवर राखलेला असतो. २०१६ च्या जुलैत आठ पक्षी सोलहून आणले आणि २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला.

पाखरू
१६ अंश राखण्यासाठी वीज जाळावी लागतेच ना? माझा मुद्दा तोच आहे.

भायखळ्याचा शेजारी
पाखरू, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तेथे तुमच्या बाजूने लिहीन.
ताई, मला वेगळीच शंका आली आहे. तुमचा गुरुवार म्हणजे २६ डिसेंबर तर नव्हे? यंदा नाताळ बुधवारी आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली की महापालिका त्या दिवशी बाग उघडी ठेवते आणि तिच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवते.

कृष्णाकाठ
हो, २६ डिसेंबरच. बुधवारी रात्री निघायची पाचही तिकिटे काढून झाली आहेत. हे मी कोठेच वाचले नव्हते. आता काय करू?

घाटमाथा
म्हणूनच म्हणत होतो, कात्रज.

भायखळ्याचा शेजारी
कात्रजलाही बुधवारीच सुट्टी असते, तेव्हा तेथील गुरुवारची खात्री तुम्हीच करून सांगा.
ताई, मंगळवारी रात्री निघा आणि नाताळच्या दिवशीच या. बाग उघडी असेल, लोकलला तुलनेने गर्दी कमी असेल, आणि यजमानांची आणखी एक रजा वाचेल.

बकुळीचा सडा
शेजारी, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. सुट्टीच्या दिवशी पेंग्विनच्या रांगेत गुडघेदुखीच्या बाईंना उभे करणार का? शुक्रवार घ्यावा. शिवाय ताई, तुम्ही पहिल्याच ओळीत झाडांचा उल्लेख केला आहे, पण कोणती झाडे आणि कोणासाठी, हे अजून सांगितलेले नाही. चार वर्षांचे मूल झाडांसाठी कऱ्हाडहून येत नाही.

कृष्णाकाठ
बरोबर ओळखलेत. सासूबाई तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे कुळ शिकवताना त्या उर्वशी या फुलझाडाची आकृती फळ्यावर काढत असत. एकदा विद्यार्थिनींची सहल घेऊन त्या या बागेत आल्याही होत्या, परंतु तेव्हा पावसाळा होता आणि झाडावर एकही फूल नव्हते. पेंग्विन मुलांसाठी आहेत, ही सहल मात्र त्यांच्यासाठी आहे. हे लिहायला हवे होते, परंतु मला वाटले की झाडे म्हटले की झाडे.

बकुळीचा सडा
मग सारे गणितच बदलले! ही बाग १८६२ साली खुली झाली ती उद्यान म्हणूनच, आणि आजही तेथे तीन हजारांवर झाडे आहेत, तरी बहुतेक लोक पिंजऱ्यांपुढून पिंजऱ्यांपुढे जातात आणि परत फिरतात. उर्वशी मूळची म्यानमारची. तिचा मुख्य बहर हिवाळ्याच्या अखेरीस, जानेवारी ते मार्चच्या सुमारास असतो, त्यामुळे डिसेंबरात एखादा तुरा दिसला तर भाग्य समजावे. तिचे तुरे दांड्यावर उलटे लोंबतात. लाल पाकळ्या, टोकाशी पिवळा ठिपका, आणि झुंबर खाली सोडल्यासारखा सगळा डौल. फुले नसली तरी कोवळी पालवी जरूर दाखवा. जांभळट तांबूस रंगाची ती पाने ओल्या रुमालासारखी मलूल लटकत असतात आणि नंतर हळूहळू ताठ व हिरवी होतात. शिकवणाऱ्या बाईंना ते पाहून फुलाइतकाच आनंद होईल. त्याशिवाय आफ्रिकेची गोरखचिंच आणि थेट खोडावर फुलणारा कैलासपती चुकवू नका. त्याची तोफगोळ्यांएवढी फळे डोक्यावर लटकत असतात, म्हणून मुलांना खाली खेळू देऊ नका.
क्रमाविषयी म्हणाल तर सकाळी पाय ताजे असताना झाडे पाहा, पेंग्विन नंतर.

भायखळ्याचा शेजारी
झाडे कोठे पळून जात नाहीत, रांग मात्र वाढते. आधी पेंग्विनच.

बकुळीचा सडा
गुडघेही कोठे पळून जात नाहीत, ते तेथेच दुखत राहतात.

जुनी मुंबई
आत काळा घोडाही आहे, तो कोणी सांगितलाच नाही. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली फोर्टातून हलवून येथे आणला. शेजारीच १८७२ चे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्यापुढे घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो पडून फुटला आणि १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. मुलांना ही गोष्ट वाघापेक्षा जास्त आवडते, हा माझा अनुभव आहे.

कृष्णाकाठ
हत्ती जाताजाता दाखवू. एक अडचण अजून उरलीच आहे. कुटुंबाचे शंभर रुपयांचे तिकीट असते असे वाचले, त्यात आम्ही पाचही जण येतो का?

भायखळ्याचा शेजारी
नाही. आई, वडील आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुले मिळून शंभर. एरवी मोठ्यांना पन्नास आणि लहानांना पंचवीस. सासूबाई त्या चौघांत मोजल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी खिडकीवर वेगळे विचारा. भायखळा स्थानकात पूर्वेला उतरा, तेथून दहा-बारा मिनिटे चालणे आहे, परंतु तुम्ही टॅक्सीच करा आणि सासूबाईंचे चालणे बागेसाठी राखून ठेवा. आमच्या भांडणावर तोडगा असा की आत शिरल्यावर दोन तुकड्या करा. यजमान मुलांना घेऊन पेंग्विनच्या रांगेत, तुम्ही सासूबाईंसह झाडांकडे.

बकुळीचा सडा
हे मान्य. पहिल्याच माळ्याला थांबवून उर्वशी कोठे आहे ते विचारा, म्हणजे वणवण होणार नाही, आणि हाताशी दुमडती खुर्ची ठेवा. खुर्ची चाकांची नसल्यामुळे त्या बसतील.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. बुधवारची तिकिटे रद्द केली. गुरुवारी रात्रीची महालक्ष्मी मिळाली आहे, तीन पक्की आणि दोन आरएसी. आत्यांना शुक्रवारचे कळवले. सासूबाईंना पालवीविषयीचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या की हे त्या वर्गात दरवर्षी सांगत होत्या आणि स्वतः कधी पाहिले नव्हते. त्यांनी दुमडती खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. वाघांविषयी मात्र अजून कोणीच काही लिहिलेले नाही. धाकट्याला तेवढेच हवे आहे.

भायखळ्याचा शेजारी
वाघ दुपारच्या उन्हात बहुधा झोपलेला असतो. धाकट्याला पेंग्विन झाल्यावर लगेच न्या, अकराच्या आत.