पांढऱ्या कार्डावर आबाजीची अँजिओप्लास्टी

ग्रुपचं नाव: वाड्यातले सगळे

मंगळवार, नोव्हेंबर 2025

बंडूकाका (रात्री 8:12): बाबाले आज यवतमाळले दाखवलं. दोन दिवसापासून छातीत दुखे, सांगतलंच नाही कोनाले. कापूस येचाले बाया आल्या होत्या, त्याइले पानी नेऊन देत होता बुढा. डॉक्टर म्हनते नळीत ब्लॉक दिसते, अँजिओग्राफी करून स्टेंट टाका लागन. दोन लाख वीस हजार सांगतले. भरती कराच्या आधी चाळीस हजार भरा म्हनते.

सुधाआत्या (8:14): माय वं! आता कसे आहेत? जेवले का?

बंडूकाका (8:15): गोळ्या देल्या. अर्धी भाकर खाल्ली. म्हनते मले काही झालं नाही, तुम्हीच भेऊन रायले.

स्वाती ताई (8:16): बाबा, घरी काहून आणलं त्याइले??

बंडूकाका (8:17): पैशाची जुळवाजुळव करासाठी आलो ना बाई. सकाळी नेतो.

स्वाती ताई (8:17): रात्री दुखलं, घाम आला, दम लागला तर कोणाची गाडी पाहत बसू नका. 108 लावा. अॅम्ब्युलन्स फुकट येते.

बंडूकाका (8:21): हाव. कापूस उद्याच्या उद्या काढतो म्हनलं. सरकारी खरेदीचा, सीसीआयचा, भाव क्विंटलले 8110 आहे पन ओलावा बारा टक्क्याच्या वर गेला का ते घेतच नाहीत. व्यापारी 6800 नं मागून रायला. देऊन टाकतो.

मी (8:22): काका, घाई करू नका. मी पन्नास हजार आत्ता पाठवतो. बाकीचं बघू.

सुधाआत्या (8:23): आमच्याकडून तीस होतीन. यायले विचारते.

स्वाती ताई (8:24): थांबा सगळे. कोणीच एक रुपया भरू नका. सरकारच्या फुले आरोग्य योजनेत होते ना अँजिओप्लास्टी.

विक्की दादा (8:25): आपलं कार्ड पांढरं आहे ताई. योजना पिवळ्या न केशरीवाल्याइले.

बंडूकाका (8:26): हाव ना. पांढऱ्याले ना गहू ना तांदूळ. त्याले आपन घराच्या पत्त्यासाठी ठेवलं आहे.

स्वाती ताई (8:39): मी दोन वर्ष दवाखान्यात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र म्हणून बसली, म्हणून सांगते. नीट वाचा, मग मध्ये बोला.

पहिलं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरीपुरती होती, हे खरं. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्याइले लागू आहे. रंग कोणताही असो. ज्याच्याकडे कार्डच नाही त्यानं अधिवास प्रमाणपत्र दाखवावं. आधी कुटुंबाले वर्षाले दीड लाख होते, आता पाच लाख. पाच लाख म्हणजे प्रत्येकाले नाही, एका कार्डावरच्या सगळ्याइचे मिळून.

दुसरं. आयुष्मान भारत न फुले योजना आता एकत्रच चालतात. त्यामुळे कार्डावर आयुष्मान लिहून आलं तर घाबरू नका, वेगळं काही नाही.

तिसरं, आणि इथंच लोक फसतात. दवाखान्यात गेल्या गेल्या लोक पैसे भरायच्या खिडकीवर उभे राहतात. आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. रेशनकार्ड न आधार तिथं द्या. तो नोंदणी करते, डॉक्टर कागद लावतात, दवाखाना मंजुरीसाठी पाठवते, मग ऑपरेशन. पेशंट गंभीर असला तर फोनवर कळवून आधी उपचार सुरू करता येते, कागद मागून. पण तुम्ही रोखीनं भरती झाले, बिल भरलं, न नंतर कार्ड काढलं, तर गेलेले पैसे योजना परत देत नाही. कितीही अर्ज करा.

सुधाआत्या (8:41): मंग अरुणच्या टायमाले?

स्वाती ताई (8:44): तेच सांगणार होती. प्रफुल, वाईट वाटून घेऊ नको. 2023 ले तुझ्या बाबाचा, अरुणकाकाचा, पाय मोडला, तेव्हा सगळ्याइले पांढरं कार्ड चालत नव्हतं. पण आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याले तेव्हाही चालत होतं, सातबारा जोडून. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच न वर्धा. आपला यवतमाळ त्यात होता. मी तेव्हा या कामात नव्हती, मलेही माहीत नव्हतं.

मी (8:52): त्या ऑपरेशनचं कर्ज मी गेल्या महिन्यात फेडलं.

मी (8:52): एक लाख ऐंशी हजार. आणि सातबारा तेव्हा पण बाबांच्या पिशवीतच होता. पीक विम्यासाठी ठेवला होता.

बंडूकाका (8:55): तठी कोनी विचारलंच नाही राज्या. ना त्याइनं ना आपन.

विक्की दादा (8:58): फॉरवर्ड केलेला मेसेज: घरबसल्या आयुष्मान कार्ड बनवा, फक्त 299 रु, आजच शेवटची तारीख, लिंक दाबा

स्वाती ताई (8:59): विक्की काढ तो मेसेज. आत्ता.

(हा मेसेज काढून टाकला आहे)

स्वाती ताई (9:00): कार्डाले एक पैसा लागत नाही. सरकारी आयुष्मान अॅपवर आपलं आपण निघते, सेवा केंद्रात निघते, आशाताई काढून देते. शेवटची तारीख वगैरे काही नसते. कोणत्या लिंकवर आधारचा ओटीपी टाकला असशीन तर सांग.

विक्की दादा (9:01): नाही टाकला. खरंच.

मी (9:04): ताई, आबाजी सत्तरच्या वर आहेत. त्यांच्यासाठी वेगळं कार्ड निघालं आहे ना? वय वंदना?

स्वाती ताई (9:07): हो. 29 ऑक्टोबर 2024 ले सुरू झालं. सत्तर पूर्ण झालेल्या कोणालेही, उत्पन्न किती का असेना, वर्षाले पाच लाख. घरातल्या बाकीच्याइच्या पाच लाखाले धक्का न लावता. पण वय आधारवरचं धरतात. बाबा, आबाजीच्या आधारचा फोटो टाका.

बंडूकाका (9:12): (फोटो)

स्वाती ताई (9:13): जन्म 01/01/1957. म्हणजे 68. 😑

सुधाआत्या (9:15): अडुसष्ट? मीच छप्पनची झाली आता. मंग बाबा काय बाराव्या वर्षी बाप झाले?

बंडूकाका (9:16): आधार काढाले आलता त्या पोट्ट्यानं अंदाजे टाकलं. अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीले असते.

स्वाती ताई (9:18): मग वय वंदना आता नाही. वय दुरुस्तीले शाळेचा दाखला नाहीतर जन्माचा पुरावा लागन, त्यात वेळ जाते. रेशनकार्डावरूनच जाऊ. कार्डाचं पान टाका, नावं दिसतीन असं.

बंडूकाका (9:21): (फोटो)

स्वाती ताई (9:25): आबाजीचं नाव आहे. रेशनवर महादेवराव न आधारवर नुसतं महादेव, तेवढं चालून जाईन. पण बारा अंकी ऑनलाइन नंबर कुठे आहे? हा कार्डावरचा जुना नंबर झाला.

बंडूकाका (9:26): बारा अंकी नाही भेटला कधी. धान्यच नाही त माल कायचा न पावती कायची.

स्वाती ताई (9:29): पांढऱ्या कार्डाची ही एक मोठी अडचण. तो नंबर नसला तर घरून अॅपवर नाव सापडत नाही. उद्या मूळ कार्ड, आबाजीचं आधार न ताजा सातबारा, तिन्ही मूळ कागद पिशवीत. झेरॉक्स दोन-दोन. आरोग्यमित्र त्यावर नोंद घेऊ शकते. विक्की, तू आर्णीले तहसीलात पुरवठा शाखेत जाऊन कार्ड ऑनलाइन करून घे. मूळ कार्ड दवाखान्यात राहीन, तू झेरॉक्सवर अर्ज कर.

विक्की दादा (9:30): हाव. पन सकाळी थ्रेशरवाला येनार हाय सोयाबीनसाठी.

सुधाआत्या (9:30): थ्रेशर मरू दे रे.

मी (9:33): दवाखाना कोणता? ज्यानं चाळीस हजार मागितले तोच?

स्वाती ताई (9:37): तो यादीत आहे का पाहते... आहे. पण यादीत आहे एवढ्यानं भागत नाही. कोणी फक्त हाडाच्या उपचारासाठी यादीत असते, कोणी डायलिसिससाठी. विचारायचं ते असं: हृदयविकारासाठी योजनेत आहे का? नुसतं "योजना चालते का" विचारलं तर सगळेच हो म्हणतात.

बुधवार

बंडूकाका (सकाळी 9:48): काउंटरवर बाई म्हनते योजनेत आहे पन योजनेचे बेड भरले. रोखीचा बेड आहे म्हनते.

सुधाआत्या (9:49): वा रे वा. रोखीच्याले खाट, योजनेच्याले वाट.

स्वाती ताई (9:50): आरोग्यमित्र कुठे आहे?

बंडूकाका (9:51): टेबल आहे. मानूस नाही. खुर्चीवर रुमाल आहे.

स्वाती ताई (9:52): योजनेची हेल्पलाइन 155388 लावा. आबाजीचं नाव, दवाखान्याचं नाव, काय सांगितलं ते सगळं सांगा न तक्रार नंबर लिहून घ्या. योजनेतल्या उपचाराले आगाऊ पैसे मागता येत नाहीत, हे मोठ्यानं बोला, त्या बाईले ऐकू जाईन असं.

बंडूकाका (10:20): लावला. नंबर लिहून घेतला. आता म्हनते दुपारून पाहू.

स्वाती ताई (10:22): दुपारपर्यंत थांबू नका. ईसीजीचा कागद न औषधाची चिठ्ठी त्याइच्याकडून मागून घ्या, वर्ध्याकडं निघा. मी तिकडच्या दवाखान्यात फोन केला. हृदयाचा विभाग योजनेत आहे, जागा आहे. 108 वाल्याले सांगा, त्यात ऑक्सिजन असते. भाड्यानं गाडी करू नका.

सुधाआत्या (10:31): वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या दवाखान्यात आपन लहानपनी बाबाच्या संग जाओ. तवा तठी गावची ज्वारी नेऊन देत, न त्याच्यावर वर्षभर दवाखाना चाले. सुगीले ज्वारी द्याची, पावसाळ्यात ताप आला तर जाचं. बाबा म्हनत हा आपला विमा.

मी (10:33): ज्वारीचा विमा? खरंच?

सुधाआत्या (10:34): मंग काय खोटं सांगते का? पायली मोजून नेत.

बंडूकाका (दुपारी 1:55): पोचलो. आरोग्यमित्र पोरगी आहे एक, खुर्चीवरच होती. कार्ड पाहिलं, सातबारा पाहिला, म्हनली चालते. आता अंगठा घेऊन रायली.

बंडूकाका (2:03): बाबाचा अंगठा लागत नाही. चार बोटं पाहिली. नाही लागत.

सुधाआत्या (2:04): कापूस येचून येचून रेघा गेल्या त्याच्या. पन्नास वर्ष.

स्वाती ताई (2:05): ओटीपी. आधारले कोणाचा मोबाइल जोडला आहे?

विक्की दादा (2:07): माहा जुना नंबर. जो बंद केला.

स्वाती ताई (2:08): अरे देवा. तिले म्हणा चेहऱ्यानं ओळख पटवता येते. चष्मा काढून, उजेडाकडं तोंड करून बसवा आबाजीले. पापणी हलवायले सांगा.

बंडूकाका (2:26): झालं! तिसऱ्या खेपेले. बाबा म्हनते लग्नाचा फोटो काहाडतानी एवढा वेळ बसलो नव्हतो.

मी (2:27): 😂😂

बंडूकाका (संध्याकाळी 6:40): मंजुरीले पाठवलं. भरती केलं. जेवन दवाखान्यातूनच आलं, वरन भात पोळी. मी डबा आनला होता थो मीच खाल्ला.

गुरुवार

बंडूकाका (सकाळी 11:10): मंजुरी आली. नेलं आत.

सुधाआत्या (11:11): गजानन बाबा 🙏🙏

बंडूकाका (दुपारी 12:58): झालं. एक स्टेंट. बोलते आहे. एक रुपया नाही लागला. मले अजून विश्वास नाही बसत म्हनून बिलाच्या खिडकीवर जाऊन विचारून आलो.

मी (1:02): 😭🙏 काका, कापूस अजून घरीच आहे ना?

बंडूकाका (1:03): घरीच. वाळू देतो. सीसीआयलेच नेतो.

स्वाती ताई (रात्री 9:15): आता मी बोलते ते राहिलेल्याइसाठी. आजचं निभावलं ते आबाजीचं नाव कार्डावर होतं म्हणून. काजल, तुझं नाव आपल्या कार्डावर नाही.

काजल वहिनी (9:17): माझं माहेरच्या कार्डावर आहे ताई, पुसदले.

स्वाती ताई (9:19): लग्नाले दीड वर्ष झालं. आधी तिकडून नाव कमी झाल्याचा दाखला आण, मग विक्कीनं इकडं चढवायचं. दोन्हीकडं राहिलं तरी अडते न कुठंच नसलं तरी अडते. बाळ झालं का त्याचंही नाव लगेच घालायचं, जन्मदाखल्यावर.

विक्की दादा (9:20): कार्ड ऑनलाइन कराचा अर्ज देऊन आलो आज. पोच भेटली.

स्वाती ताई (9:21): शाब्बास. थ्रेशर?

विक्की दादा (9:21): उद्या.

सुधाआत्या (9:24): स्वाती, यायच्या बीपीच्या गोळ्या, महिन्याले सातशे जातात. त्या बसतीन का योजनेत?

स्वाती ताई (9:27): नाही आत्या. भरती होऊन जे होते तेच बसते. बाहेरून दाखवणं, महिन्याच्या गोळ्या, त्याले नाही. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या, तिथं फुकट मिळतात. न योजनेत बसतच नाही असं मोठं काही निघालं कोणाले तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, न धर्मादाय दवाखान्यात दहा टक्के खाटा गरिबाइले फुकट न दहा टक्के अर्ध्या दरात ठेवाव्या लागतात. पण त्याले उत्पन्नाचा दाखला लागते. तो काढूनच ठेवा सगळ्याइनं.

मी (9:30): माझे बाबा-आई बंडूकाकांच्या कार्डावर नाहीत. वेगळं कार्ड आहे, तेही पांढरंच. मी डिसेंबरात येतो तेव्हा दोघांची आयुष्मान कार्डं काढूनच जातो. आबाजीच्या आधारचं वय आणि मोबाइल पण. मोबाइलसाठी त्यांना केंद्रात न्यावंच लागेल का?

स्वाती ताई (9:31): केंद्रात नेलेलंच बरं. अंगठा लागत नाही न ओटीपी जातो तो नंबरही बंद आहे.

सोमवार

बंडूकाका (सकाळी 10:05): सुट्टी झाली. दहा दिवसाच्या गोळ्या देल्या. बाबाले बोलाचं आहे.

बंडूकाका (10:07): (आवाज) "...चालू झालं का रे हे? हां. ऐका. मी बरा आहो. तठी त्या पोरीनं एसटीचं भाडं हातावर ठेवलं, परत जाचं म्हनून. मी म्हनलं मी त अॅम्ब्युलन्सनं आलो, फुकट. तरी देलं. आता बंडू म्हनते गाडी करू. मी एसटीनंच येतो. विक्की, तुरीत डुकरं आले असतीन, रात्री गेलता का कोनी?"

विक्की दादा (10:15): गेलतो आबाजी. फटाके फोडले.