मदत हवी आहे: ओपीडीच्या टेंडरला भागीदाराचा जुना अनुभव चालतो का?

फोंड्यात आम्हा दोघा डॉक्टरांचं भागीदारीतलं क्लिनिक आहे, जेमतेम दीड वर्षाचं. एका केंद्रीय कार्यालयाने कर्मचाऱ्यांसाठी रोज २ तासांच्या ओपीडीचं टेंडर जेम (सरकारी खरेदीच्या) पोर्टलवर काढलंय. उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आहे, त्यामुळे अनामत रकमेची अडचण नाही (जीएफआर, म्हणजे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७, नियम १७०). घोडं अडलंय ३ वर्षांच्या अनुभवावर. क्लिनिकच्या आधीची माझी ९ वर्षांची प्रॅक्टिस माझ्या एकट्याच्या नावावर, पॅनही वेगळा. पोर्टलवर शंका विचारली, तर उत्तर आलं, 'टेंडरमधील अटींप्रमाणे'. धन्य! कन्सोर्टियमला (अनेकांनी मिळून बिड भरायला) मनाई आहे, आणि शुक्रवारी दुपारी ३ वाजता बिड बंद. जुनी आयकर विवरणपत्रं नि सीएचा दाखला जोडला, तर तांत्रिक छाननीत भागीदारी संस्थेचा अनुभव म्हणून धरतात का, की सरळ माझ्या एकट्याच्या नावाने बिड भरू?