मदत हवी आहे: हॅलोविन पार्टीत मुलांना काय खेळवू?

३१ ऑक्टोबरला लेकीची बारा दोस्तमंडळी घरी येणार आहेत, वयं ४ ते ९. टॉयलेट पेपर गुंडाळून ममी बनवायची शर्यत नक्की आहे. पाण्यात तरंगणारी सफरचंदं दातांनी पकडायचा जुना खेळ मात्र बाद. एकाच टबात बारा तोंडं, नको गं बाई! त्याऐवजी दोरीला डोनट टांगून, हात पाठीमागे ठेवून खायला लावावं म्हणते. भोपळा कोरायला छोट्यांच्या हाती सुरी कशी देणार? मागच्या वर्षी अंधाऱ्या खोलीत सोललेली द्राक्षं 'भुताचे डोळे' म्हणून चाचपायला दिली, तर एक चिमुरडा असा काही रडला की त्याच्या आईला बोलवावं लागलं. लहानग्यांना भीती वाटणार नाही आणि नऊवाले 'हे बाळांचे खेळ' म्हणून नाक मुरडणार नाहीत, असं काही सुचवा ना. दोन तास काढायचेत!