दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक, पहिला मुलगा एसएस (आजार असलेला), मग पुढची तीन मुलं नॉर्मल होतात का?

चंद्रपूरची_आई
नमस्कार, मी आणि मिस्टर दोघंही एएस म्हणजे वाहक आहोत हे मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर कळलं. त्याची बोटं सुजली, आम्हाला वाटलं काहीतरी चावलं, पण रक्त तपासलं तर एसएस निघाला. आता दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. डॉक्टर म्हणाले एसएस व्हायचा चान्स चारात एक. सासूबाई म्हणतात एक झाला ना, आता पुढची तीन चांगली होतील. आणि आम्हाला आजवर कसलाच त्रास नाही, मग त्याला आलं कुठून?

बायोवाले_सर
ताई, ते "चारात एक" चार मुलांत वाटून द्यायचं नसतं, दर वेळी दिवस गेले की पुन्हा नव्याने तेवढाच चान्स. हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची एक बाबांची. तुमच्या दोघांकडे एक चांगली ए आणि एक एस. एकट्या ए वर शरीराचं भागतं म्हणून तुम्हाला त्रास नाही, पण बाळाला देताना दोनातली एकच जाते, कुठली ते नशिबावर. दोघांकडूनही एस गेली की एसएस.
मेंडेल या शास्त्रज्ञाने वाटाण्यावर प्रयोग केले, त्यातही हेच झालं. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी जांभळी, पांढरा जणू गेलाच, आणि पुढच्या पिढीत 929 झाडांत 224 पांढरी परत आली! बघा, बरोबर पाव नाही, कारण प्रत्येक दाण्याचं वेगळं ठरतं, शेजारच्या शेंगेत काय झालं याचा त्याला पत्ता नसतो.

सिस्टर_गडचिरोली
सरांनी छान सांगितलं. माझं कळकळीचं सांगणं, दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना सांगा, वारेचा नमुना घेऊन 10 ते 12 आठवड्यांत बाळाचं कळू शकतं, उशीर केला की विचार करायला वेळच उरत नाही. आणि घरातल्या लग्नाच्या मुलामुलींची तपासणी करा. सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली साधी रक्ततपासणी फक्त एस आहे एवढंच सांगते, एएस का एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं, म्हणून नुसत्या पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. "सुनेकडून आलं" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, एसएस व्हायला दोघांची एस लागते.

पावरा_दादा
माझ्या भावाचं लग्न ठरतंय, तो एएस, मुलगी एए. चालेल ना?

बायोवाले_सर
मुलीचा रिपोर्ट पक्का असेल तर बिनधास्त. एसएस होणार नाही, प्रत्येक बाळाला एएस व्हायचा चान्स निम्मा, म्हणजे त्या मुलांच्या लग्नाच्या वेळी पुन्हा बघायचं.

चंद्रपूरची_आई
खूप आभार सगळ्यांचे. काल सासूबाईंसोबत बसून दोन नाणी एकदम उडवली, छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. वीस वेळात काटा-काटा सात वेळा आला, त्यात तीनदा लागोपाठ. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या धाकट्याचंही रक्त तपासून घे, त्याला स्थळं येतायत.