मदत हवी आहे: चिंपांझीच्या हाडांचे कास्ट (साच्यातून काढलेल्या प्रतिकृती) कुठे हात लावून बघता येतील?

नमस्कार मंडळी, मी कोपरखैरण्याला राहते, एमएस्सी अँथ्रोपॉलॉजीची तयारी घरूनच चाललीये आणि माणूस-चिंपांझी हाडांच्या तुलनेवर पार अडकलेय. थिअरी पाठ आहे हो, कवटीचं खालचं मोठं भोक आपल्यात मधोमध आणि चिंपांझीत मागे सरकलेलं, आपलं कटीर (कमरेचा हाडांचा सांगाडा) वाडग्यासारखं बुटकं नि रुंद, त्यांचं उंच, सपाट. मांडीचं हाड आपलं गुडघ्याकडे आत तिरकं येतं, १९७४ ला इथिओपियात जिचा जीवाश्म सांगाडा सापडला त्या ल्युसी नावाच्या आदिमानव मादीचंही तसंच, म्हणून ३२ लाख वर्षांपूर्वी ती दोन पायांवर चालत होती म्हणतात. पण प्रत्यक्ष हाड समोर ठेवलं की माझी बोंब, कारण सगळं मोबाइलवरच बघितलंय! ऑनलाइन प्लास्टिकचा सेट मागवला तर मांडीची दोन्ही हाडं डावीच निघाली, दोन्ही गोळे एकाच बाजूला, आई म्हणे आता यांनी लाटण्याचं काम कर.

तर ठाणे-वाशी पट्ट्यात कुणा मेडिकलवाल्यांकडे जुना बोनसेट आहे का, भाडं देईन. आणि चिंपांझीच्या कटीराची स्कॅन फाइल मिळाली तर थ्रीडी प्रिंट करून देणारं कुणी माहितीये का, साधारण खर्च किती येतो? पुण्याला जायची पण तयारी आहे, फक्त रविवार सोडून, मेगाब्लॉक असतो.