सायकल चालू आहे, पण तर्री पण चालू आहे का?

भौ, महिनाभर रोज सायकल मारूनही वजनाचा काटा हलला नाही म्हणता, माझंही डिट्टो तेच झालं होतं. आमच्या आर्वीकडच्या खेड्यातून पहाटे निघायचो, जाऊन येऊन १८ किलोमीटर, पण फाट्यावरच्या टपरीवर पाय थांबलेच समजा, तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, वरून दोन कट चहा, आणि त्या तर्रीवर लाल तेल असं तरंगतंय की आधी पोह्यात मुरू द्यायचं अन् मग खायचं, सुटते का बाप्पा ते! आता हिशोब बघा, एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, अन् तासभर मध्यम वेगानं सायकल मारली तर ३०० ते ५०० जळतात, वजनानुसार कमीजास्त. म्हणजे कमावलेलं सगळं टपरीवर जमा.

शेवटी रस्ताच बदलला, कालव्याच्या बाजूनं जायला लागलो. घरी रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर, वाटीभर वरण, अंबाडीची भाजी. बायको म्हणे काहून उपाशी राहता, पण उपाशी नव्हतोच ना. ७ महिन्यांत ९१ वरून ८३. पोळ्याच्या पुरणपोळ्या मी मोजत नाही.

अन् गुडघा दुखत असेल तर सीट वर घ्या, पायडल खाली गेलं की गुडघा जरासाच वाकलेला पाहिजे. मी दोन महिने नुसता तेल चोळत बसलो होतो. मे महिन्यात मात्र सातच्या आत घरी या, आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो.